अर्ध्या मिनिटाचा गुलाबी

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या प्रयोगशाळेत पिवळट धुरळा शिरतो. कॉलेजच्या कुंपणाला लागूनच वावर आहे. मळणीयंत्र दिवसभर घरघरत असतं आणि खिडक्या कितीही घट्ट लावा, तो धुरळा तराजूच्या काचपेटीत, बाटल्यांच्या बुचांवर आणि माझ्या चष्म्यावर येऊन बसतोच. आमचे प्रयोगशाळा परिचर बबनभाऊ फडकं घेऊन त्याच्यामागे लागतात आणि दर वर्षी तेच म्हणतात, "मॅडम, सोयाबीन पिकवाचं त्यायनं अन् झाडाचं आपून." मी दर वर्षी हसते. यंदाही हसले, आणि हसता हसता शीतल आठवली. या दिवसांत ती आठवल्याशिवाय राहत नाही, आणि आठवली की हातातलं काम तसंच राहतं.

काम म्हणजे नियोजन. मानोऱ्याच्या या कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. रोज वाशीमहून एसटीने येते, एसटीने जाते. अकरावी-बारावीतल्या ज्या मुलांना विषयाची खरीच हौस आहे, त्यांच्यासाठी आम्ही 'प्रगत रसायनशास्त्र' नावाचा जादा वर्ग चालवतो. पुस्तकाच्या पुढचं शिकायचं आणि सगळं स्वतःच्या हाताने करायचं, एवढीच त्याची अट. त्याचा आराखडा मी आखते. कागदावर महिना, घटक, प्रयोग, साहित्य असे रकाने असतात. मोठा सुबक दिसतो तो कागद. त्या महिन्यात वर्गात कोण असेल, हा रकाना मात्र त्यात कधीच नसतो. आमच्याकडे सगळं त्याच रकान्यावर अडतं.

मानोऱ्याभोवती बंजाऱ्यांचे तांडेच तांडे आहेत. दसरा आला की मुकादमाच्या गाड्या तांड्यावर लागतात आणि माणसं ऊसतोडीला निघतात, पार खाली साखर कारखान्यांच्या मुलखात. म्हाताऱ्यांजवळ ठेवता येतील तेवढी मुलं मागे राहतात, बाकीची जातात. मोठ्या पोरी तर हमखास जातात, कारण तिकडे भाकरी कोण टाकणार आणि लहानग्यांना कोण सांभाळणार? मग माझ्या वर्गातले बाक मागून पुढे रिकामे होत येतात. सरकारी आराखड्यात प्रयोगांचा जोर असतो दिवाळीनंतर. ज्यांनी तो आखला ते उंटावरून शेळ्या हाकणारे, असं मी तेव्हा तावातावाने म्हणायचे.

तर त्या वर्षी मी आराखडाच उलटा केला. आधी प्रयोग, मग पुस्तक. जुलैपासून दसऱ्यापर्यंत हात चालवायचे. जे समीकरण फळ्यावर लिहायचं ते मुलं उसाच्या फडावर गेली तरी पुस्तकात वाचतील. प्राचार्य सरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे आधी लग्न लावायचं अन् मंग पोरगी पाहाची?"

"सर, पोरगी दसऱ्यानंतर गावात नसते," मी म्हटलं.

ते हसले आणि त्यांनी सही केली. सही झाल्याचा मला इतका आनंद झाला की त्या दिवशी एसटीत जागा मिळाली नाही तरी मंगरूळपीरपर्यंत उभी होते, ते पायांना कळलंसुद्धा नाही.

त्या आषाढ-श्रावणातली ती प्रयोगशाळा मला अजून नाकाने आठवते. पत्र्याचं छप्पर, सिमेंटचे ओटे, ओल्या चपलांचा वास, आणि त्यात चिंच, लिंबू, ताक, तुरटी. प्रत्येकाने घरून एक आंबट वस्तू आणायची असं मी सांगितलं होतं. एका मुलाने मूळव्याध झालेल्या आजोबांचं औषध आणलं, ते का आंबट होतं देव जाणे. हळद गाळून आम्ही कागद रंगवले, त्यावर चुना लावला की ते लालभडक व्हायचे आणि पोरं ओरडायची. मोरचुदाचे निळे खडे दोऱ्याला लोंबकळत ठेवले. रोज सकाळी आल्या आल्या खडा केवढा झाला ते बघायला गर्दी व्हायची. शिक्षकाच्या आयुष्यात असे दिवस फार नसतात. मला ते दिवस सोन्यासारखे गेले.

शीतल राठोड त्या वर्गात होती. बारावीला, जवळच्याच तांड्यावरची. उंच, सावळी, बोलायला तुटक. तिच्या हातात काचेची वस्तू दिली की मी दुसरीकडे बघायला मोकळी व्हायचे, एवढा तो हात स्थिर. एकदा तिच्या आईला रक्त कमी असल्याचं निघालं होतं, तेव्हा ती आईबरोबर दवाखान्यात गेली आणि तिथे तिने रक्त तपासणारी बाई पाहिली. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच बसलं होतं.

"मॅडम, त्या बाईनं मायच्या बोटातला एक थेंब घेतला अन् सारं सांगतलं," ती मला म्हणाली होती. "मले थे शिकाचं हाये. पन माह्या हातानं जमन का?"

"का नाही जमणार?"

"असं नका म्हनू. पाहून सांगा. जमत असन तं बापाले म्हनीन का फॉर्म भरून दे. नसन जमत, तं उगाच त्याले कायले तरास?"

तिचा बाप एकदा कॉलेजात आला होता, डोक्याला पांढरा रुमाल, उभ्यानेच बोलणारा. त्यानेही तेच विचारलं. "पोरीचा हात कोयत्यावर चालते, थे मले माहीत हाये. तुमच्या कामात चालते का, थे तुमी सांगा. मंग पाठोतो." मी म्हटलं, फेब्रुवारीत बाहेरचे सर परीक्षा घ्यायला येणार आहेत, तेव्हा तिचं तिलाच कळेल. तो "बरं" म्हणून गेला. एवढ्या सरळ बापाशी कसं भांडायचं? आमच्या बाजूने सगळं ठरल्यासारखंच होतं.

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्याकडचं पाणी जड. भांडं उकळलं की आत पांढरा थर धरतो. नाजूक प्रयोगाला ते चालत नाही, शुद्ध पाणी लागतं, आणि शुद्ध पाण्याचं यंत्र आमच्याकडे नाही. म्हणून बबनभाऊंनी एक युक्ती काढली होती. श्रावणात पाऊस चांगला लागला, पत्रे धुऊन निघाले, की ते अंगणात चार बांबूंना नवं प्लास्टिक ताणून बांधायचे आणि आभाळातलं पाणी थेट कॅनमध्ये उतरवायचे. ते कॅन कपाटाखाली, सावलीत, बुच लावून ठेवायचे. आमची वर्षभराची पुंजी ती. एखाद्याने त्याला हात लावला की बबनभाऊ खेकसायचे, "ये, थे पियाचं पानी नाई!"

ते पाणी मी एका प्रयोगासाठी राखलं होतं. आम्लात थेंब थेंब अल्क सोडायचा, त्यात आधीच दर्शकाचे, म्हणजे रंग दाखवणाऱ्या द्रवाचे, दोन थेंब टाकलेले असतात. द्रव पाण्यासारखा नितळ असतो, आणि नेमक्या एका थेंबाला गुलाबी होतो. गुलाबी म्हणजे कसा? कांद्याच्या आतल्या पापुद्र्यावर असतो तेवढाच. त्याच्या पुढे एक थेंबही जायचं नाही. आणि खरी गंमत त्याच्याही पुढे आहे. तो रंग अर्धं मिनिट टिकला की झालं. नंतर तो हळूहळू उडून जातो, कारण हवेतला वायू त्या पाण्यात मिसळत राहतो. गेला तर जाऊ द्यायचा. जितका नेमका थेंब, तितका तो लवकर जातो. ज्याने भसाभसा ओतलं त्याचा रंग संध्याकाळपर्यंत तसाच असतो.

हे फळ्यावर लिहून समजत नाही. मुलं "रंग टिकला पाहिजे" एवढंच ऐकतात. शेजारी उभं राहून, रंग येताना आणि जाताना दाखवावा लागतो.

माझे अब्बा वाशीमला कल्हई करायचे. लहानपणी मी त्यांच्या भात्याजवळ बसायचे. भांडं तापून एका ठरावीक रंगाचं झालं की ते नवसागर टाकायचे, पांढरा धूर उठायचा, नाक झणझणायचं, आणि त्या धुरातच कथील फिरवून ते कापडाने एका हातात चकचकीत करून टाकायचे. तो क्षण हुकला तर भांडं काळं पडायचं. मी विचारायचे, कधी कळतं? ते म्हणायचे, "देख, बेटा. बस देखते रह." मला त्याचा फार राग यायचा. पुढे शिकून मी नवसागराचं समीकरण मांडायला लागले, पण तो क्षण मात्र मला अब्बांच्या शेजारी बसूनच कळला होता. म्हणून गुलाबी रंगाचा प्रयोग मी सगळ्यात शेवटी ठेवला, हात चांगले बसल्यावर. खंडेनवमीच्या दुपारी. दसऱ्यानंतर गाड्या निघणार होत्या.

खंडेनवमीला आमच्याकडे ज्याचं जे हत्यार, ते धुऊन पुजतात. शेतकरी औतफाटं पुजतो, शिंपी यंत्र पुजतो. अब्बांच्या भात्यालासुद्धा शेजारची मुलं येऊन हळदकुंकू लावून जायची, आणि अब्बा त्यांच्या हातावर गूळ ठेवायचे. आमच्या प्रयोगशाळेत बबनभाऊ तराजूला हार घालत. एवढंच. त्या वर्षी मात्र वर्गातल्या पोरींनी ठरवलं की आपली हत्यारं आपण पुजायची. सकाळी लवकर येऊन त्यांनी बबनभाऊंकडून किल्ली घेतली. बबनभाऊ नारळ आणायला गेले.

मी पोचले तेव्हा दारात रांगोळी होती. आत सगळ्या बुरेटी, म्हणजे त्या थेंब सोडायच्या लांब काचेच्या नळ्या, ओट्यावर ओळीने मांडलेल्या. फ्लास्क लख्ख. प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट. झेंडूच्या पाकळ्या. शीतलच्या नाकावर राख लागलेली.

"मॅडम, चुलीतली राख आनली होती घरून," ती म्हणाली. मी तिला इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती. "साबनानं असं चकाकत नाई. पाहा!"

मी पाहत होते. काही बुरेटींवर हळदीचं बोट लाल झालेलं होतं. जिथे राखेचा अंश राहिला होता तिथे हळदीने आपला गुण दाखवला होता. मला हसू आलं. राख अल्कधर्मी. म्हटलं, पुन्हा धुवावं लागेल, तासभर जाईल, जाऊ दे. मग मी कपाट उघडलं. मी आदल्या दिवशी तयार करून ठेवलेल्या द्रावणांच्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. लेबलं निघून गेली होती.

"यातलं काय केलंत?"

"शिळं पानी होतं मॅडम, सांडलं. सणाच्या दिशी भांड्यात शिळं पानी ठेवत नाई."

माझी नजर कपाटाखाली गेली. कॅनही उपडे होते.

"थे तं लयच जुनं," दुसरी एक पोरगी म्हणाली. "बबनभाऊ म्हनत होते श्रावनातलं हाये. आमी हापशीवरून ताजं भरून ठेवतो ना."

रागवायला कुणी नव्हतं. त्यांच्या घरी शिकवलेलं सगळं त्यांनी मन लावून, माझ्यासाठी केलं होतं. बबनभाऊ नारळ घेऊन आले, कॅन पाहिले आणि नारळ हातात धरून तिथेच बसले. मग त्यांनी मोटारसायकल काढली. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी गॅरेजवाले ठेवतात, ते मिळतं का बघायला. गॅरेजवाल्यांनीही अवजारं पुजून दुकानं बंद केली होती. आज मागावं तर म्हणाले, आज हत्याराला हात लावत नाही.

मी एका फ्लास्कमध्ये हापशीचं पाणी घेतलं आणि दर्शकाचे दोन थेंब टाकले. राखेमुळे ते आपोआपच गर्द गुलाबी झालं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. "आला, आला!" मी त्यांना सांगत होते की हा तो रंग नाही, आणि ते सांगताना मला माझाच आवाज लांबून येत होता.

संध्याकाळी पूजा झाली, नारळ फुटला. दसरा गेला आणि गाडी लागली. रस्त्याच्या कडेला ट्रक उभा होता, वर गाद्या, पत्र्याच्या पेट्या, एक शेळी, त्यावर माणसं. माझी एसटी तिथून जात होती. शीतल वरून हात हलवत होती. मी काचेतून काय ओरडले ते मलाही आठवत नाही.

मागे राहिलेल्या मुलांनी दिवाळीनंतर विकतच्या पाण्यावर तो प्रयोग केला. शीतलची मैत्रीण तिला फोनवर जे सांगता येईल ते सांगायची. काय सांगितलं असेल? रंग टिकला पाहिजे.

फेब्रुवारीत ती परीक्षेसाठी आली. वावरात हरभऱ्याचे घाटे भरले होते, मुलं येताना डहाळे ओरबाडून खिशात भरून आणत होती. रात्रभर प्रवास करून आलेली शीतल मागच्या बाकावर बसली होती. उसाच्या पाल्याने हात बारीक बारीक कापलेले. एका बोटाला चिंधी.

"सराव नाही गं झाला तुझा," मी म्हटलं.

"केला ना मॅडम. तिकडे पान्याच्या ड्रमले तोटी हाये. रोज तिच्यातून एक एक थेंब सोडून पाह्यला. आता एक म्हनलं तं एकच पडते."

हात तिने कमावला होता आणि उरलेली एकच गोष्ट मला तिला सांगायची होती. ती सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात बाहेरचे सर आले. बाहेरगावच्या कॉलेजातले प्राध्यापक, भले गृहस्थ. आमच्या आराखड्यात नियम होता की परीक्षेच्या वेळी शिकवणाऱ्याने खोलीबाहेर थांबायचं. तो नियमही मीच घातलेला. मी व्हरांड्यात खिडकीचे गज धरून उभी राहिले.

ती कशी काम करत होती! पांढऱ्या कागदावर फ्लास्क, डाव्या हातात तोटी, उजव्या हाताने फ्लास्क फिरतोय, नजर द्रवावर. शेवटी शेवटी तिने नळीच्या टोकाला थेंब नुसता लोंबकळत धरला आणि काचेला टेकवून अर्धाच घेतला. हे मी शिकवलं नव्हतं. आणि तो आला. कांद्याच्या पापुद्र्यावरचा गुलाबी. तिने तो पाहिला, मी पाहिला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. तिने सरांना दाखवायला हात वर केला.

सर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला चहा घेत फोनवर बोलत होते. शीतल हात वर करून उभी. फ्लास्कमधला रंग हळूहळू जायला लागला. मला तो जाताना दिसत होता. ती एकदा दाराकडे, एकदा फ्लास्ककडे बघत होती. मग द्रव पुन्हा पाण्यासारखा झाला. तिचा वर केलेला हात खाली आला आणि तोटीवर गेला.

नको, नको, असं मी गजांमागे मनात म्हणत होते. तिने एक थेंब टाकला. रंग आला, गेला. अजून एक टाकला. मग घाबरून तोटी थोडी जास्त फिरली, आणि फ्लास्क सरबतासारखा गर्द झाला. तो रंग मात्र टिकला. बुरेट पुढे जाते, मागे येत नाही.

सर आले, सगळ्यांच्या फ्लास्कमध्ये डोकावले आणि सगळ्यांना म्हणाले, "वा, छान, उत्तम!" मन मोठं होतं त्यांचं. सगळ्यांनाच उत्तम म्हटल्यामुळे शीतलला ते खरं वाटलं नाही. आपला रंग उडाला होता, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मला बाहेर पडायला वेळ लागला. बसस्टँडवर पोचले तेव्हा ती गाडीत खिडकीशी बसली होती. मी धापा टाकत सांगितलं, "शीतल, तुझा पहिला रंगच बरोबर होता. जातो तो. हवेमुळे जातो. ज्याचा बरोबर असतो त्याचाच जातो!"

ती हसली. सांत्वन करणाऱ्याकडे बघून माणूस हसतं तसं. "मॅडम, तुमी मनानं लय चांगल्या हा."

"अगं, खरं सांगते आहे."

"हव." तिने होकाराची मान हलवली. "मी बापाले सांगतलं फोनवर. नाई जमलं म्हनून."

माझ्या ॲप्रनच्या खिशात दर्शकाची लहान बाटली होती. ती मी खिडकीतून तिच्या हातात कोंबली. "चुन्याच्या निवळीत पाणी घाल, याचा एक थेंब टाक आणि नळीने फुंक. रंग जातो की नाही बघ. बघशील ना?" तिने मोठ्यांनी दिलेलं घ्यावं तशी ती घेतली आणि कपाळाला लावली. गाडी सुटली.

नंतर मी तिच्या बापाला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मॅडम, पोरगी म्हनते नाई जमलं. तिच्या हाताचं तिले माहीत, का तुमाले?" मी पुन्हा समजावू लागले. वायू, पाणी, अर्धं मिनिट. फोनवर ते इतकं खोटं वाटत होतं की शेवटी मीच फोन ठेवला. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात, आणि कोयता पुरा झाल्याशिवाय कामाला घेत नाहीत. ती बारावी चांगल्या गुणांनी पास झाली होती. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तर पैकीच्या पैकी.

त्यानंतर मी आराखडा पुन्हा बदलला. गुलाबी रंगाचा प्रयोग आता सगळ्यात आधी, श्रावणातलं पाणी उतरलं की त्याच आठवड्यात. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! कॅनवर बबनभाऊंनी लाल रंगाने 'सांडू नये' असं लिहून ठेवलं आहे. पण अकरावीचे प्रवेश फेऱ्याफेऱ्यांनी होत राहतात, पोरं भादव्यापर्यंत येत राहतात, आणि उशिरा आलेल्यांसाठी तोच प्रयोग पुन्हा लावावा लागतो. यंदा तो कालच झाला.

उशिरा आलेल्यांत एक कोमल राठोड आहे. मोठी बहीण कोण ते मी विचारलं नव्हतं. विचारायची गरज नव्हती, हात तसाच आहे. मी रंग जाण्याबद्दल अजून काही बोलले नव्हते. आधी त्यांना करू द्यावं, मग सांगावं, असं ठरवलं होतं. कोमलचा थेंब पडला आणि तोच गुलाबी आला. बघता बघता जायला लागला. मी पुढे झाले, कारण या वेळी मध्ये खिडकीचे गज नव्हते.

तेवढ्यात कोमलने तोटीवरचा हात काढून पाठीमागे धरला.

"गेला ना थो," शेजारची मुलगी म्हणाली. "टाक अजून एक."

"नाई. गेला तरी टाकाचा नाई. ताईनं सांगतलं."

"काय सांगितलं ताईने?" मी विचारलं.

"तुमी देल्ली थे बाटली हाये तिच्यापाशी. चुन्याच्या पान्यात टाकते अन् फुकते. रंग जाते. मले दोनतीनदा करून दाखवलं. म्हने, पह्यला आला थोच खरा."

"कधी करून पाहिलं तिने?"

"लगन झाल्यावर. फडावर गेल्ती तवा. त्याच्या आधी बाटली पेटीतच राह्यली होती."

मळणीयंत्र घरघरत होतं. मी विचारलं, ताई आता कुठे आहे? कोमलने मान न वळवता, फ्लास्ककडेच बघत सांगितलं, "तांड्यावर. आज सकाळी गाडी लागली. पसारा बांधून राह्यली."

सगळी मुलं माझ्याकडे बघत होती, आता मॅडम समजावून सांगतील म्हणून. मी फ्लास्क उचलून उजेडात धरला. आत नुसतं पाणी दिसत होतं. बबनभाऊ धुवायची भांडी गोळा करत आले आणि त्यांनी त्या फ्लास्कसाठी हात पुढे केला. मला तो काही सोडवेना.